शाळा उघडायची कोणी?

(सावित्रीबाई फुले स्मृतिदिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा संपादित मजकूर. वक्त्या जिल्हा परिषदेच्या सेवेतून केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाल्या आहेत.)



आज १० मार्च. १८९७ साली याच तारखेला प्लेगच्या साथीत सावित्रीबाई गेल्या. मुलगा यशवंत डॉक्टर होता. त्याने पुण्याबाहेर ससाणे मळ्यात रुग्णांसाठी दवाखाना उघडला होता आणि वयाच्या सहासष्टाव्या वर्षी बाई तिथे राबत होत्या. मुंढव्याच्या वस्तीतल्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन आणलं, आणि त्याच आजाराने त्या गेल्या. ही हकीकत तुम्हाला पाठ आहे. शाळाशाळांतून दर वर्षी ती भाषणात येते.

त्याच वर्षाची दुसरी गोष्ट भाषणात येत नाही. बाई जाण्याच्या महिनाभर आधी, ४ फेब्रुवारी १८९७ ला, साथरोग कायदा अमलात आला. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवीत प्लेग सापडला, तो पसरत गेला आणि सरकारने घाईघाईने हा कायदा केला. जेमतेम चार कलमांचा. साथ आटोक्यात आणण्यासाठी सरकारला लागतील ते नियम करता येतील. ते मोडणाऱ्याला दंड संहितेच्या १८८ व्या कलमाखाली शिक्षा. आणि सद्भावनेने नियम बजावणाऱ्यावर दावा लावता येणार नाही. प्लेग अधिकारी रँडच्या कारकिर्दीत पुण्याने याची चव घेतली. मार्च २०२० मध्ये, म्हणजे १२३ वर्षांनी, महाराष्ट्रात कोरोनासाठी हाच कायदा बाहेर काढला गेला.

प्लेगने आपल्याला अशा दोन गोष्टी दिल्या. कुणी न सांगता पुढे झालेल्या एका शिक्षिकेची तसबीर, आणि कुणाला न विचारता हुकूम सोडण्याचा कायदा. २०२० साली शिक्षकांना तसबीर दाखवली आणि कायदा लावला. आजचं माझं बोलणं त्याविषयी आहे.

मी तेव्हा केंद्रप्रमुख होते. शिक्षण खात्याशी ज्यांचा संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते, दहा-बारा प्राथमिक शाळा मिळून एक केंद्र होतं. वरून आलेला कागद शाळांत पोचवायचा आणि शाळांकडून माहिती गोळा करून वर धाडायची, हे केंद्रप्रमुखाचं काम. आदेश कसे ठरत होते ते मला माहीत नाही. ते येऊन पडत होते त्या ठिकाणी मात्र मी रोज उभी होते.

मार्चच्या मध्यात शाळा बंद झाल्या. दहावीचा भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, त्याचे गुण शेवटी सरासरीने द्यावे लागले. एप्रिलपासून ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ ही अभ्यासमाला मोबाइलवर यायला लागली, जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. मोबाइल कुणाकडे होता आणि कुणाकडे नव्हता यावर गेल्या काही वर्षांत पुष्कळ बोलून झालंय, म्हणून मी तिकडे वळत नाही. एवढंच म्हणते की मुलांना सुट्टी होती तेव्हाही शाळेची इमारत मोकळी नव्हती. मुंबई-पुण्याहून परतलेली माणसं चौदा दिवस राहिली ती शाळेत. बाकं व्हरांड्यात आली, वर्गात सतरंज्या पडल्या. रेशन दुकानावर देखरेख शिक्षकाची, चेकपोस्टवर रात्रपाळी शिक्षकाची. पोषण आहाराचा तांदूळ आणि डाळ मापून पालकांच्या पिशवीत घालायची तीही त्यानेच. सप्टेंबरात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ आली, तेव्हा हातात ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरणाऱ्या पथकांत शिक्षक होते. आंध्रात तर दारूच्या दुकानांसमोर रांगा लावायला शिक्षक उभे केले होते. आपल्याकडे तेवढं राहिलं.

शिक्षण हक्क कायद्याच्या २७ व्या कलमात लिहिलंय की शिक्षकाला तीन अशैक्षणिक कामं देता येतात: दशवार्षिक जनगणना, निवडणूक आणि आपत्ती निवारण. म्हणजे या कामांबद्दल कायद्याने तक्रार करता येत नाही, आणि माझ्या मते करूही नये. लहान गावात सरकारचा पगार घेणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. साथीत त्यांनी पुढे व्हायचं नाही तर कुणी? माझ्या केंद्रातल्या बहुतेकांना हे मान्यच होतं. पण रात्रभर नाक्यावर उभा राहून आलेल्या माणसाला सकाळी पारावरचा कुणी विचारायचा, “काय गुरुजी, मजा आहे, घरबसल्या पगार!” हे बोलणं लोकांना विनोद वाटायचं. दोन वर्षांत ते किती वेळा ऐकलं याचा हिशेब एकाही शिक्षकाकडे नसेल, पण पहिल्यांदा कुणी म्हटलं ते सगळ्यांना आठवतं.

आता मूळ विषयाकडे येते.

शाळा बंद करायला एक संध्याकाळ पुरते. मंत्रालयात निर्णय होतो, दूरचित्रवाणीवर पट्टी फिरते आणि उद्यापासून राज्यभर शाळा बंद. उघडण्याचं तसं नाही. महाराष्ट्रात शाळा किती वेळा उघडल्या ते पाहा. २३ नोव्हेंबर २०२० ला नववी ते बारावी. त्यासाठी शिक्षकांची आरटीपीसीआर तपासणी सक्तीची झाली, शेकडो शिक्षक बाधित निघाले, आणि मुंबई-पुणे-ठाण्याने उघडणं पुढे ढकललं. २७ जानेवारी २०२१ ला पाचवी ते आठवी. महिनाभरात अमरावती-अकोला भागातून दुसरी लाट उठली आणि सगळं परत बंद. १५ जुलै २०२१ ला कोरोनामुक्त गावांत आठवी ते बारावी. १० ऑगस्टला आदेश निघाला की १७ तारखेपासून आणखी वर्ग भरवा. राज्याच्या कोविड कृती दलाने हरकत घेतली आणि दोनेक दिवसांत त्याला स्थगिती मिळाली. मग ४ ऑक्टोबर. मग १ डिसेंबरला पहिलीपासूनची मुलं. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉन, १५ फेब्रुवारीपर्यंत बंदचा आदेश, आणि तो आदेश ताजा असतानाच २४ जानेवारीला पुन्हा सुरू.

यातल्या एकेका निर्णयाला कारण होतं. मी कृती दलावर टीका करत नाहीये. त्यांच्यासमोर लहान मुलांचे आकडे होते आणि लस नव्हती. पण १० ऑगस्टचा आदेश ज्या मुख्याध्यापकाने त्याच दिवशी पालकांना कळवला, आवार झाडून घेतलं, वर्गात खडूने चौकोन आखले, त्याला दोन दिवसांनी त्याच पालकांच्या दारात जावं लागलं. लोकांनी मंत्रालयाला नाही विचारलं. त्यांनी त्याला विचारलं, “गुरुजी, तुमचं नक्की काय चाललंय?”

जानेवारी २०२१ चं गणित मांडून दाखवते, कारण आदेश काढणाऱ्यांनी ते मांडलं असेल असं मला वाटत नाही. सातवीपर्यंतची शाळा घ्या, पाच शिक्षकांची. पाचवीत तीस-बत्तीस मुलं. एका बाकावर एक आणि मध्ये सहा फूट, असं बसवलं तर आमच्या खोलीत पंधरा-सोळा मावतात. म्हणजे अर्धी आज, अर्धी उद्या. जी आज घरी आहेत त्यांना अभ्यास धाडायचा तो त्याच शिक्षकाने, शाळा सुटल्यावर. सगळी रोज हवीत तर दुसरी खोली उघडा, पण तिच्यात उभं कोण राहणार? पहिली ते चौथीचे शिक्षक मोकळे आहेत असं वाटेल. ते मोकळे नव्हते, त्यांची मुलं घरी होती आणि त्यांना फोनवर धरून ठेवायचं होतं. हजेरीची सक्ती नाही, पालकांचं संमतीपत्र हवं. म्हणजे आज किती मुलं येतील ते मुलं आल्यावर कळणार. तपमान पाहायचं, ऑक्सिजन पाहायचा, नोंद करायची, तासाने हात धुवायला पाठवायचं. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेला शिपाई नसतो. ज्या खोलीत विलगीकरणातली माणसं राहून गेली ती धुवून काढायला कोण होतं, हे मी तुमच्यावर सोडते. सामान ग्रामपंचायतीने पुरवावं असं कागदावर होतं. ग्रामपंचायत म्हणायची, यासाठी आमच्याकडे लेखाशीर्षच नाही. शेवटी थर्मल गन शिक्षकांनी वर्गणी काढून आणली. शाळा निर्जंतुक असल्याचं प्रमाणपत्र मुख्याध्यापकाच्या सहीचं.

जुलै २०२१ च्या आदेशात एक अट होती, तिची चर्चा फारशी झाली नाही. गावात महिनाभर रुग्ण नसेल, सरपंचांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने ठरवलं, तर शाळा भरवायची. इथवर उत्तम. माझ्या मते त्या दोन वर्षांतला हा सगळ्यांत शहाणा विचार होता, कारण पहिल्यांदा कुणीतरी गावाला विचारलं. पण पुढे लिहिलं होतं की शिक्षकांची राहण्याची सोय गावातच करावी, नाहीतर त्यांनी सार्वजनिक वाहनाने येऊ नये. जुलैचा पाऊस. शिक्षिका तालुक्याच्या गावी राहते, कारण तिच्या मुलांची शाळा आणि नवऱ्याची नोकरी तिथे. एसटी चालू होती, दूधवाला येत होता, बँकेचे लोक येत होते. तिने मात्र स्कूटीवर यायचं किंवा गावात खोली घ्यायची. खोली कोण देणार? वर्षभरापूर्वी याच गावाने रस्त्यावर काट्या टाकून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवलं होतं. मी गावाला दोष देत नाही. पण घरमालकाला भाडेकरूची भीती वाटते याची दखल आदेशात घेता आली असती.

शाळा उघड्या ठेवायला खरोखर काय लागतं याचा एक जुना दाखला आहे. १९१८ च्या इन्फ्लुएन्झात अमेरिकेतल्या बहुतेक शहरांनी शाळा बंद केल्या. न्यूयॉर्क आणि शिकागो या दोन मोठ्या शहरांनी केल्या नाहीत. न्यूयॉर्कचे आरोग्य आयुक्त रॉयल कोपलंड यांच्यावर तेव्हा टीकेची झोड उठली. त्यांचं म्हणणं असं होतं की शहरात सुमारे १० लाख शाळकरी मुलं आहेत, त्यांतली तीन चतुर्थांश कोंदट चाळींत राहतात. घरी राहिली तर ती गल्लीत फिरतील आणि आजारी पडली तर कुणाला कळणार नाही. शाळेत निदान रोज सकाळी कुणीतरी त्यांच्याकडे नीट पाहील. हे म्हणण्याची हिंमत त्यांना होती, कारण डॉ. जोसेफिन बेकर यांनी आधीच्या दहा वर्षांत बालआरोग्याचा एक विभाग उभा केला होता. मूल आल्यावर शिक्षिकेने त्याच्याकडे पाहायचं, शंका वाटली तर शाळेची नर्स किंवा डॉक्टर तपासणार, गरज पडली तर घरापर्यंत जाणार. शिक्षिकेचं काम तिथे शंका घेण्यापुरतंच होतं. निदान करायला दुसरं माणूस हजर होतं.

आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत वर्षातून एकदा येतं. साथीत आमच्या तालुक्यातली पथकंसुद्धा कोविडच्या कामाला लावली होती. म्हणजे शंका घेणारा शिक्षक, निदान करणाराही शिक्षक. एका बाईंनी मला फोन करून विचारलं होतं, “मॅडम, मुलाला नुसत्या शिंका आल्यात, घरी पाठवू का ठेवून घेऊ?” आई कांद्याच्या शेतात मजुरीला गेलेली, घराला कुलूप. मी काय सांगणार? आदेशात त्याचं उत्तर होतं, लक्षणं दिसली तर घरी पाठवा. घरी कोण आहे ते आदेशाने विचारलं नव्हतं.

आता जे बोलायला मला जड जातं ते. शिक्षक मेले. उत्तर प्रदेशात एप्रिल २०२१ मध्ये, दुसरी लाट ऐन भरात असताना, पंचायत निवडणुका झाल्या. शिक्षक मतदान केंद्रांवर आणि मतमोजणीला होते. प्राथमिक शिक्षक संघटनेने यादी दिली: १,६२१ मृत्यू. राज्याच्या शिक्षण खात्याने आकडा दिला: ३. दोन्ही आकडे त्याच राज्याचे, त्याच निवडणुकीचे. फरक व्याख्येचा होता. कामावरचा मृत्यू म्हणजे घरातून निघाल्यापासून परत घरी पोचेपर्यंतचा. ज्या आजाराची लक्षणंच चार-पाच दिवसांनी दिसतात, त्याला अपघाताची व्याख्या लावली. ओरड झाली, तेव्हा निकष बदलून कामानंतर ३० दिवसांत झालेले मृत्यू धरायचं ठरलं.

महाराष्ट्र याबाबतीत अधिक माणुसकीचा होता, हे नोंदवलं पाहिजे. मे २०२० मध्येच ५० लाखांचं सानुग्रह साहाय्य जाहीर झालं. अट अशी की रुग्णालयात दाखल होण्याआधी किंवा मृत्यूआधीच्या १४ दिवसांत माणूस कोविडच्या कामावर हजर असला पाहिजे. अट वाजवी आहे. पण हजर असल्याचा पुरावा कुठून आणायचा? निम्मे आदेश व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. त्यावर जावक क्रमांक नाही, सही नाही, कधी नावांची नुसती यादी. मृताचा फोन घरच्यांना उघडता येत नाही. एका कुटुंबाबरोबर मी कचेऱ्यांच्या पायऱ्या चढले आहे. जिल्हा कोणता ते सांगत नाही. ज्या टेबलावरून आदेश सुटला होता, त्याच टेबलाने आम्हाला विचारलं, आदेशाची प्रत आहे का?

विनाअनुदानित शाळांतल्या शिक्षकांचं तर कुठे नावही नव्हतं. पगार अर्धे झाले, काहींचे थांबले. त्यांच्यावर एक वेगळं व्याख्यान व्हायला हवं, आणि ते त्यांच्यातल्याच कुणी द्यायला हवं.

एक गैरसमज मात्र खोडून काढते: शिक्षकांना शाळा नको होत्या, हा. शहरांतल्या काही संघटनांनी उघडण्याला विरोध केला हे खरं, आणि रोज लोकलने दोन तास प्रवास करणाऱ्याची भीती खोटी नव्हती. पण खेड्यात मी उलटं पाहिलं. आदेश नसताना पारावर, देवळाच्या सभामंडपात, कुणाच्या ओसरीवर पाच-सहा मुलं घेऊन शिक्षक बसत होते. तक्रार गेली असती तर त्यांच्यावरच कारवाई झाली असती. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या भिंतींवर धडे रंगवून घेतले. हे शिक्षक धास्तावले नव्हते का? होते. पण मुलं हातची चाललीत हे त्यांना सगळ्यांत आधी दिसत होतं. ऑगस्ट २०२१ मध्ये १५ राज्यांतल्या आणि केंद्रशासित प्रदेशांतल्या सुमारे १,४०० वंचित मुलांची पाहणी झाली. ग्रामीण भागात नियमित ऑनलाइन शिकणारी होती ८ टक्के, मुळीच न शिकणारी ३७ टक्के. ‘असर’च्या देशभरातल्या ग्रामीण पाहणीत २०१८ साली तिसरीतली २७.३ टक्के मुलं दुसरीचा मजकूर वाचू शकत होती, २०२२ मध्ये २०.५. सेतू अभ्यासक्रम आला तो ४५ दिवसांचा, आणि प्राथमिकची मुलं घरीच असताना. हे आकडे छापून येण्याआधी तिसरीच्या बाईंना ते माहीत होते. त्यांना विचारलं गेलं नाही.

आणखी एक गंमत सांगते, गंमत म्हणावी तर. साथीत सगळ्यांत सुरक्षित शाळा कोणती? वीसपेक्षा कमी पटाची, वस्तीवरची, जिथे मुलं चालत येतात. तिथे सहा फूट अंतर न मोजताही राहायचं. राज्यात तेव्हा अशा जवळपास १५ हजार शाळा होत्या. शाळा पूर्ववत सुरू होऊन वर्षही झालं नाही तोच कमी पटाच्या या शाळांचं काय करायचं, त्या जोडाव्यात का, याची चर्चा सुरू झाली. साथीने शाळांबद्दल काही शिकवलं असेल तर ते खात्याच्या दुसऱ्या मजल्यावर पोचलेलं दिसत नाही.

मग पुढच्या वेळी काय करावं? जानेवारी २०२२ मध्ये, आपण बंद-चालू करत होतो त्याच दिवसांत, शिकागोत शिक्षक संघटना आणि महापालिकेचं कडाक्याचं भांडण झालं. तीन लाखांहून अधिक मुलांचे वर्ग पाच दिवस भरले नाहीत. भांडण वाईटच, पण तडजोडीतून एक चांगली गोष्ट निघाली. एखाद्या शाळेत किती शिक्षक किंवा मुलं गैरहजर असली की ती एकच शाळा घरून चालेल, याची मर्यादा लिहून ठरली. सगळं शहर बंद करायची गरज नाही. आपल्याकडे शिक्षण हक्क कायद्याने प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेला व्यवस्थापन समिती दिली आहे, तिच्यात बहुसंख्य पालक आहेत. जिल्ह्याने मर्यादा आखून द्यावी. त्या मर्यादेत शाळा भरवायची का, किती मुलांची, सकाळची की दुपारची, हे समिती आणि मुख्याध्यापकांनी ठरवावं. खर्चाचे पैसे शाळा उघडण्याआधी यावेत. कामाचा आदेश जावक क्रमांकासह कागदावर यावा. पाच-सहा शाळांमागे एक नर्स असावी, ती साथ नसतानाही लागते.

हे मी माझ्या जुन्या केंद्रातल्या शिक्षकांपुढे मांडलं, तेव्हा एका मुख्याध्यापकांनी ते उडवून लावलं. म्हणाले, “मॅडम, अधिकार आमच्या हातात दिलात तर सकाळी अर्धं गाव शाळा उघडा म्हणून येईल आणि संध्याकाळी उरलेलं अर्धं बंद करा म्हणून. आज निदान सांगता येतं, वरून आदेश आहे.” त्यांच्या शेजारी बसलेल्या बाई म्हणाल्या, “सर, वरून आदेश आहे असं मीही सांगत होते. तरी शिव्या कुणी खाल्ल्या?” त्या दिवशी त्या दोघांचं जमलं नाही, आणि मलाही सरांचं म्हणणं पूर्ण खोडता आलेलं नाही. ते सर आज समोर तिसऱ्या रांगेत बसले आहेत. अध्यक्षांची परवानगी असेल तर प्रश्नोत्तरांत पहिलं बोलणं त्यांचं व्हावं.